पाहिल्याची फुली

१

उजाडल्यावर आमच्या टिन वेल वस्तीच्या रस्त्यावर पहिली गाडी माझी असते. माल वाहणाऱ्या रोड ट्रेन धरल्या तर नाही. त्यांना रात्र नसते आणि दिवसही नसतो, एका इंजिनामागे तीन-तीन ट्रेलर जोडून त्या आपल्या चालूच असतात. पण रस्त्याची विचारपूस करायला म्हणून निघालेली पहिली गाडी माझीच.

आणि का नसावी? सरकारच्या कागदावर कुणाचाही असो, रस्ता आमचा आहे. माझे आजोबा झमान पेशावरकडून उंटांबरोबर जहाजातून या मुलखात आले. लोकरीचे गठ्ठे, पिठाची पोती, कुंपणाच्या तारेची भेंडोळी त्यांनी याच वाटेनं उंटांवर नेली. वडिलांनी त्याच वाटेवर लॉरी चालवली. माझा नवरा कॉलिन ग्रेडरवर बसून आयुष्यभर ही वाट सपाट करत राहिला, आणि डांबर पडलं तेव्हा पहिल्या रोलरवरही तोच होता. आता आमचा डार्सी रोड ट्रेन हाकतो. उत्तरेच्या गावांत शिजणारा कोबी, तापाचं औषध, बाळाचा पाळणा, सगळं आमच्या हातून पुढं गेलेलं असतं. याचा मला गर्व आहे. तो झाकून ठेवायचं मला काही कारण दिसत नाही.

पण ओझं नेणाऱ्यानं वाटेत सांडलेलंही आपलंच म्हणावं, असं आजोबा म्हणायचे. या रस्त्यावर सांडतात ती जनावरं.

डांबर मधे उंच आणि कडांना उतरतं असतं. चार थेंब पडले तरी ते वाहून साइडपट्टीला जातात. चहूकडे लाल माती करपलेली, आणि रस्त्याच्या दोन्ही काठांना कोवळ्या गवताची हिरवी रेघ. रस्त्यासाठी मुरूम काढला त्या खाणींत पाणी साचतं. कांगारूंनी खायला इथं यावं, प्यायला इथं यावं, आणि मरायलाही इथंच. ड्रायव्हरचा दोष नाही. तेवढं वजन घेऊन ब्रेक मारला तर मागचे ट्रेलर आडवे होतात आणि ड्रायव्हरच जातो.

म्हणून मी निघते. मेलेलं जनावर डांबरावरून ओढून झुडपात नेते. नाहीतर त्याच्यावर गरुड उतरतो, आणि पोट भरलेल्या गरुडाला चटकन उडता येत नाही, मग पुढच्या चाकाखाली तोही. मादी असली तर पिशवीत हात घालून बघते. आई गार झाली तरी पिल्लू बराच वेळ तग धरतं. सापडलं तर उशीच्या अभ्र्यात घालायचं, घरी दाराच्या मुठीला टांगायचं आणि बाटलीनं पाजायचं. मग मादीच्या अंगावर गुलाबी रंगाची फुली मारायची. हा रंग रस्तेवाल्यांचा, डांबरावर खुणा करायचा. कॉलिन गेला तेव्हा त्याचे डबे माझ्याकडे राहिले. फुली म्हणजे पाहून झालं, मागच्यानं थांबू नये.

मी शाळा पाहिलेली नाही. माझ्या हाताला येतं ते एवढं एकच अक्षर, आणि या रस्त्यावर ते सगळे वाचतात.

२

त्या सकाळी गाडीतल्या बिनतारी रेडिओवर डार्सीचा आवाज आला.

"आई, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे एक मादी गेली माझ्याखाली. पिशवी भरलेली दिसत होती."

"कधी?"

"अगं, आत्ता! आरशात दिसतेय अजून. मला थांबता येत नाही, मागच्या ट्रेलरात औषधं आहेत, वेळेत पोचवायचीत. तू बघ."

"बघते. तू पुढं बघ."

मी जवळच होते. डार्सीच्या शेवटच्या ट्रेलरची धूळ अजून खाली बसली नव्हती. मादी साइडपट्टीवर कलंडलेली होती, मोठी, तांबडी. मी गाडीतून उतरले, हातमोजे चढवले, आणि तिच्या पोटाकडे बघितलं तर तिथं फुली.

मी मारलेली नव्हती. मारणार कशी, आत्ता तर पोचले.

रस्ता दोन्ही बाजूंना सरळ, रिकामा. लपायला झाडसुद्धा नाही. मी स्वतःला म्हटलं, बाई, तुझं वय झालंय, काल हीच कुठंतरी जखमी पडली असेल, तूच मेली समजून फुली मारली असशील, मग ती उठली असेल. असंही होतं कधीकधी. पण जनावर विसरेन अशी मी नाही. कुठल्या सालच्या दुष्काळात कोणतं पिल्लू कुणाच्या अभ्र्यात वाढलं ते मला आजही सांगता येतं.

पिशवीत हात घातला. रिकामी. पण आत एक सड लांब ओढलेला, ओला. नुकतंच कुणीतरी चोखत होतं. आजूबाजूला शोधलं, दगडाआड, गवतात. पिल्लू नाही. रक्ताचा माग नाही, पावलांचाही नाही.

मग मी बोटाला थुंकी लावून फुली चोळली. रंग बोटाला लागेना. केस बाजूला करून बघितलं. गुलाबी रंग थेट मुळापर्यंत होता. रंग फवारला तर तो केसांच्या टोकांना बसतो. हे केस तसेच उगवल्यासारखे होते.

तिला ओढून झुडपात नेलं. फुलीवर फुली मारायची गरज नव्हती, तरी मारली. काम माझं आहे.

३

रस्त्याकाठचं आमचं रोडहाऊस, ड्रायव्हरांची खानावळ, आता सून चालवते, डार्सीची बायको टेगन. आत गेले तेव्हा ती अंडी तळत होती. पोट इतकं पुढं आलेलं की तव्यापर्यंत हात पोचवायला तिरकं उभं राहावं लागत होतं. इथल्या बायकांना दिवस भरायच्या आधीच दक्षिणेला बंदराच्या गावी जाऊन राहावं लागतं, दवाखाना तिथं. टेगन निघायचं पुढं-पुढं ढकलत होती.

कोपऱ्यातल्या टेबलावर गॅव बसला होता, रस्ता दुरुस्त करणाऱ्या टोळीचा मुकादम. चार-चार ट्रेलरच्या गाड्या सुरू व्हायच्या होत्या, म्हणून त्याची माणसं टिन वेलच्या आसपास डांबर रुंद करत होती.

"गॅव, तुझी पोरं माझ्या कामात हात घालतात काय रे?"

"कुठल्या कामात?"

"मेलेल्या मादीवर फुली मारलीय कुणीतरी. पिल्लूही नेलंय."

"पर्ल, माझी पोरं जिवंत बाईशी दोन शब्द बोलायला घाबरतात. मेलेल्या कांगारूच्या पिशवीत कुठं हात घालतील!"

टेगन हसली. "घाबरतात ते बरंच आहे. त्यांच्या हातांचा वास मला इथपर्यंत येतो."

"हस तू," गॅव म्हणाला. "उलट मीच हिला विचारणार होतो. पर्ल, खरं सांग, माझ्या डांबरावर फुल्या तू मारतेस का?"

"मी कशाला मारू?"

"मग कोण मारतंय? आमच्यात फुली म्हणजे इथं खोदा. गोल म्हणजे हात लावू नका, खाली केबल आहे. पोरं फुली बघतात आणि खोदतात. मी सांगितलेलं नाही, नकाशात नाही, डांबरही धड आहे. तीन ठिकाणी खोदून बसलो."

"खाली काय निघालं?"

गॅवनं अंड्यात पावाचा तुकडा बुडवला. खाल्ला नाही.

"जेवण कर आणि चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "मी सांगितलं तर मला प्यायलेला म्हणशील."

"तसाही म्हणते," टेगन म्हणाली आणि बशी पुसायला घेतली. पण ती गॅवच्या तोंडाकडे बघत होती.

४

भर दुपार होती. रोलर बंद करून टोळीतली माणसं सावलीला बसली होती. त्यातलं कुणी आमच्याबरोबर खड्ड्याजवळ आलं नाही, हे मी बघून ठेवलं.

चौकोनी कापलेलं डांबर बाजूला काढलं होतं. कॉलिनचा रस्ता मी आतून ओळखते. वर डांबर, मग खडी, मग मुरूम, खाली लाल माती. दाबून दाबून इतकं घट्ट केलेलं की पहार मारली तर पहार वाजते. इथं डांबराखाली खडीच नव्हती. एक पोकळी होती. हातभर खोल, वर तोंड अरुंद आणि खाली पोट सुटलेलं. गटारासारखी नाही आणि बिळासारखीही नाही, कारण बिळाला नखांचे ओरखडे असतात. हिच्या कडा गुळगुळीत.

"पाण्यानं झाली असेल," मी म्हटलं.

"गेला पाऊस कधी पडला ते तूच सांग."

मी खाली बसले. एक गुडघा मातीत, एक वर, माझी नेहमीची बैठक. हातमोजा काढला आणि हात आत घातला.

ऊन होतं म्हणून डांबर तापलेलं होतं, हे मी स्वतःला सांगितलं. पण डांबराची ऊब वरून येते. ही खालून येत होती. भिंती ओलसर, मऊ आणि किंचित तेलकट. बोटांना केसांसारखं काहीतरी लागलं, अगदी बारीक लव. आयुष्यात इतक्या पिशव्यांत हात घातलाय, माझ्या हाताला फसवणं सोपं नाही. मला हवं होतं की तो त्या दिवशी फसावा.

"तिन्ही ठिकाणी अशीच?"

"तिन्ही ठिकाणी. रिकामी." गॅव थुंकला. "पहिली फोडली तेव्हा आत काहीतरी होतं असं आमचा एक पोरगा म्हणतो. गुलाबी, बिनकेसांचं, बोटाएवढं. पोरगा दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून गेला."

"बुजव हे," मी म्हटलं.

"बुजवायला खडी टाकली की रात्रीत खाली जाते."

लांबून रोड ट्रेनचा आवाज आला. आम्ही बाजूला झालो. ती गेली तेव्हा जमीन हादरली, आणि मी बघितलं, पोकळीचं तोंड आपसूक आवळलं गेलं. गाडी लांब गेल्यावर पुन्हा सैल झालं.

हादऱ्यानं माती दबते. असं मी गॅवला म्हणाले, आणि त्यानं मान डोलावली. दोघांनाही ते पटवून घ्यायचं होतं.

५

नंतरच्या सकाळी टाकीजवळ हिरव्या रेघेत एक करडी मादी चरत होती. मी गाडी हळू केली. ती पळाली नाही. मागच्या पायांवर ताठ उभी राहून माझ्याकडे बघू लागली, आणि तिच्या पोटावर फुली होती.

जिवंत मादीच्या पोटावर.

मी हॉर्न वाजवला. ती हलली नाही. मी खाली उतरले, हात हलवले, ओरडले, "पळ! जा की गं!" ती नुसती दोन्ही पुढचे पंजे पिशवीपाशी धरून उभी. मग तिनं एक पंजा आत घातला, चाचपलं, बाहेर काढला. पुन्हा घातला. घरात किल्ली हरवली की बाई तोच खिसा पुन्हा-पुन्हा बघते, तशी.

दिवस मावळायच्या आत ती रस्त्यावर मेलेली सापडली. रेडिओवर ज्यानं कळवलं तो ड्रायव्हर म्हणाला, "आजी, ती आडवी आली नाही. चालत येऊन माझ्यासमोर बसली."

तेव्हा मला फुलीचा अर्थ लागला. आमच्यात आधी मरण आणि मग फुली. इथं आधी पिल्लू जातं, मग फुली, आणि मरण सगळ्यात शेवटी.

आमचं काम कुणीतरी शिकलं होतं. पण उलट्या बाजूनं.

६

टेगननं दुसऱ्या दिवशी सकाळी मला खोलीत हाक मारली. बॅग भरून पलंगावर ठेवली होती, ती शेवटी निघणार होती. सदरा छातीपर्यंत वर करून आरशासमोर उभी होती.

"पर्ल, हे काय आहे बघ ना. अ‍ॅप्रनचा रंग लागलाय बहुतेक. साबणानं घासलं, जात नाही."

बेंबीच्या वर, फिकट गुलाबी. एक रेघ अशी, एक तशी.

तिनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"गॅवच्या रंगाच्या डब्याला टेकले असेन कुठं," ती म्हणाली. "नाही का?"

"बाळ हललं का आज?"

"झोपलंय." सदरा खाली ओढत म्हणाली, "कालपासून झोपलंय."

मी तिला पलंगावर आडवं केलं. तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि तिच्या पोटावर ठेवले. सापडलेलं पिल्लू जिवंत आहे की नाही हे बघताना घाई करायची नसते. हात ठेवायचा आणि आपला श्वास लहान करायचा. मी थांबले. भिंतीपलीकडून एक रोड ट्रेन गेली, मग दुसरी. त्यांच्या हादऱ्यात मला काही कळेना.

"पर्ल, रडतेस काय तू? तू तर रडत नाहीस कधी."

"धुळीनं. गप पड."

दवाखान्याला फोन लावला. डॉक्टरांचं विमान दुसऱ्या टोकाला गेलं होतं. त्यांनी सांगितलं, थांबू नका, तिला घेऊन दक्षिणेला निघा, आम्ही गाडी समोरून पाठवतो.

दक्षिणेला निघायचं म्हणजे रस्त्यानंच. आणि फुली असलेलं प्रत्येक पोट त्या रस्त्यावर चाकाखाली गेलेलं.

मी परसात जाऊन रंगाचा डबा आणला. टेगन म्हणाली, "वेड लागलं का तुला?" मी म्हटलं, "लागलंय. सदरा वर धर." आणि तिच्या पोटावर, त्या फुलीभोवती, मोठा गोल काढला. माझं अक्षर ते नव्हे, कॉलिनचं. रस्त्याला रस्त्याच्याच भाषेत सांगितलेलं बरं. इथं हात लावू नका.

"गार आहे गं!" टेगन किंचाळली.

"असू दे."

७

गाडीत बसल्यावर मी रेडिओ उचलला. असं कधी कुणी केलं नव्हतं, आणि मी केलं याचा मला मरेपर्यंत अभिमान राहील.

"मी पर्ल बोलतेय, टिन वेलची. सून अडलीय, तिला घेऊन दक्षिणेला निघालेय. टिन वेलपासून खाली जितक्या गाड्या आहेत तितक्या कडेला घ्या. आम्ही पुढं जाईपर्यंत या रस्त्यावर एक चाकसुद्धा फिरू नये. का ते विचारू नका."

खरखरत एका ड्रायव्हरचा आवाज आला.

"आजी, माझ्याकडे आइस्क्रीम आहे."

"मग खा."

हसण्याचा आवाज आला, आणि मग एकेक जण बोलू लागला. मी थांबलो, आजी. खाणीजवळ थांबलो. इथं उतारावर आहे, पण घेतो कडेला. मीही. मीही. माल वेळेत पोचला नाही तर यांच्या पोटावर येतं. एकानंही का म्हणून विचारलं नाही. शेवटी डार्सीचा आवाज आला, तो वर येत होता. "आई, मी टाकीजवळ उभा आहे. मला घे."

आम्ही निघालो. आणि मी ते बघितलं, जे माझ्या आजोबांनी उंटांच्या दिवसांतही बघितलं नसेल. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत थांबलेल्या गाड्या. एकेका गाडीला तीन-तीन ट्रेलर, चकचकीत, शांत. दाराशी ड्रायव्हर उभे. काहींनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. कुणी न सांगता इंजिनं बंद केली होती. आमचे लोक असे आहेत. जगात कुठं असतील तर दाखवा.

टाकीजवळ डार्सीला घ्यायला मी थांबले. तो धावत आला, दार उघडलं, आणि टेगन म्हणाली, "थांबा. ऐका."

मी किल्ली फिरवली. आमचंही इंजिन बंद झालं.

त्या रस्त्यावर मी जन्मले, पण रस्ता गप झालेला मी कधी ऐकला नव्हता. एक गाडी जाते तोवर दुसरीचा आवाज येतो. आता काही नव्हतं. वारासुद्धा नव्हता. आणि त्या शांततेत, आमच्या पायांखालून, आवाज येत होता.

चुक्. चुक्. चुक्.

बाटली तोंडात दिल्यावर पिल्लू करतं तो आवाज. मी तो झोपेतही ओळखीन. पण हा एका पिल्लाचा नव्हता. टाकीपासून खाणीपर्यंत, डांबराखाली सगळीकडे, पुढं कुठवर ते ऐकू येईना. शेकडो तोंडं चोखत होती. मधूनच आतून बारीक धक्का बसे, डांबरावर आतून कुणी टाच मारावी तसा.

डार्सीचा एक पाय अजून रस्त्यावर होता. त्यानं तो हळूच उचलून गाडीत घेतला. "आई," तो म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसा, "चल."

तेवढ्यात टेगननं माझा हात ओढून पोटावर ठेवला. लाथ बसली. ठणठणीत, रागीट लाथ. "हललं!" ती म्हणाली, हसत आणि रडत. आणि त्याच क्षणी, गाडीखालून, तशीच एक लाथ बसली.

मी गाडी सुरू केली. निघताना आरशात बघायला नको होतं. मागं, साइडपट्टीच्या कडेला, कुणीतरी बसलेलं होतं. मातीच्या रंगाचं. एक गुडघा खाली, एक वर. हात कोपरापर्यंत रस्त्यात घातलेला. तो हात ते अगदी सावकाश बाहेर काढत होतं, आत झोपलेलं जागं होऊ नये म्हणून काढतात तसा.

मग उन्हाच्या झळा हलल्या आणि तिथं नुसता रस्ता राहिला. त्या वेळी झळा असतातच. हे मी डार्सीला सांगितलं नाही, कारण त्यानं विचारलं नाही. पण तोही आरशातच बघत होता.

८

मुलगी झाली. ओपल नाव ठेवलंय. फुप्फुसं अशी आहेत की दवाखान्यातल्या बाया म्हणाल्या, हिला रेडिओची गरज नाही. टेगनच्या पोटावरची फुली पहिल्या अंघोळीत गेली. माझा गोल मात्र अजून फिकट दिसतो. ती चिडते, आणि मला बरं वाटतं.

घरी आल्यावर मी गॅवला गाठलं. "टाकी ते खाण, तिथं खोदायचं नाही."

"कामाचा हुकूम आहे, पर्ल. चार ट्रेलरच्या गाड्या येणार."

"येऊ देत. त्या पट्ट्यावर हळू जातील."

"तुझ्या सांगण्यावरून?"

"हो."

त्यानं टोपी मागं सरकवली आणि रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "गोल तू काढ. मी विचारणाऱ्याला सांगेन, खाली केबल आहे."

जिथं जिथं फुली होती तिथं मी गोल काढले. गुडघे दुखले, पण काढले. ड्रायव्हरांना रेडिओवर एवढंच सांगितलं की टाकी ते खाण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचला, खाली लहान जीव आहेत. एक जणही हसला नाही. टाकीपाशी आल्या की गाड्या हळू होतात, खाण ओलांडली की पुन्हा जोर धरतात. नवे ड्रायव्हरही तसंच करतात, त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. त्या पट्ट्यात आता माझ्या हाताला मेलेलं जनावर क्वचित लागतं, आणि फुली मारलेलं तर एकही नाही.

हा रस्ता आमच्या घराण्यानं वाहता ठेवला, आणि त्यानं जे पोटाशी धरलंय तेही आम्हीच सांभाळतोय. मान ताठ करून मी तिथून जाते.

फक्त परवा खाणीजवळचा एक गोल मला वर आलेला दिसला. डांबराला फुगा, मधोमध केसाएवढी चीर. काल दुसरा. आज सकाळी टाकीपासून मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं.

पिल्लू पिशवीत कायमचं राहत नाही. अंग भरलं की ते बाहेर डोकावतं, मग एक पाय टाकतं, मग निघतंच. ते मी इतक्यांदा बघितलंय, त्याला फार दिवस लागत नाहीत. ती कुणाची पिल्लं आहेत, कशावर वाढली आहेत, बाहेर आल्यावर आई म्हणून कुणाच्या मागं लागतील, ते मला माहीत नाही. मी रेडिओ उशाशी घेऊन असते. ज्या सकाळी पहिलं पिल्लू निघेल त्या सकाळी या रस्त्यावरचं प्रत्येक चाक थांबवायचंय, आणि ते थांबेल, माझ्या एका शब्दावर थांबेल. त्याची मला काळजी नाही.

काळजी त्यानंतरच्या शांततेची आहे.